दुसऱ्याची बाजू

आपल्या भाषेत 'वाद' या शब्दाची फार ओढाताण झाली आहे. "उगीच वाद घालू नकोस", "आता वाद पुरे", "त्या दोघा भावांचा बांधावरून वाद आहे" अशी वाक्ये आपण घरोघर ऐकतो. ऐकणाऱ्याची अशीच समजूत व्हावी, की वाद हे भांडणाचेच एक सभ्य नाव आहे. मोठ्यांच्या तोंडून हा शब्द असा ऐकत आल्यामुळे शाळेत येणारी मुले पुष्कळदा दोन धडे आधीच शिकून आलेली असतात. ज्याचा आवाज मोठा त्याचे म्हणणे खरे, हा पहिला धडा. आणि शहाण्या मुलाने वेगळे मत मुळी बोलूच नये, हा दुसरा. पहिल्या धड्याने माणूस उद्धट होतो, दुसऱ्याने मुका होतो. आणि जेथे काही उद्धट व बाकीचे मुके असतात, तेथे विचार नांदत नाही.

मी ३५ वर्षे शाळेत मराठी शिकविले. त्यातील अखेरची काही वर्षे मुख्याध्यापक म्हणूनही काम केले. या काळात व्याकरण, निबंध, कविता हे सारे मी शिकविलेच. पण मुलांच्या उपयोगी सर्वांत अधिक काय पडले असेल, असा विचार करतो तेव्हा मला आठवतात ते शनिवारच्या शेवटच्या तासाला होणारे आमच्या वर्गातले वाद. होय, वादच! त्या शब्दाला त्याचा जुना मान परत मिळावा, म्हणून मी मुद्दाम तोच शब्द वापरीत असे.

जुना मान म्हणण्याचे कारण असे. आपल्या प्राचीन न्यायशास्त्राने माणसांच्या चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरे काय आहे ते कळावे म्हणून दोघांनी मिळून केलेली चर्चा, तो 'वाद'. केवळ समोरच्याला हरवावे म्हणून केलेली चर्चा, तो 'जल्प'. आणि आपले स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे तेवढे खोडून काढीत राहणे, ती 'वितंडा'. यातल्या जल्पाला आपण आज विसरलो आहोत. वितंडा मात्र 'वितंडवाद' या शब्दाच्या रूपाने आपल्या बोलण्यात टिकून राहिली आहे. तिघांत श्रेष्ठ जो वाद, त्याच्या नावाला मात्र भांडणाचा रंग चढला.

त्या जुन्या शास्त्रकारांची आणखी एक पद्धत फार विचार करण्याजोगी आहे. ग्रंथ लिहिताना ते आपले मत लगेच सांगत नसत. आपल्याविरुद्ध जे म्हटले जाऊ शकते, ते ते आधी मांडीत. त्याला 'पूर्वपक्ष' म्हणत. त्यानंतर त्याला दिलेले उत्तर, तो 'उत्तरपक्ष'. आणि या दोहोंतून जो निर्णय निघे, तो 'सिद्धान्त'. म्हणजे स्वतःच्या घराचे दार लावण्यापूर्वी पाहुण्याला आत बोलावून, पाट मांडून, त्याचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे हे होते. ज्याचा पूर्वपक्ष लुळा, त्याच्या उत्तरपक्षाला फारशी किंमत नसे. कारण दुबळ्या मल्लाला चीत करण्यात पुरुषार्थ तो कोणता?

शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांच्या वादाची आख्यायिका पुष्कळांनी ऐकली असेल. या वादात निर्णय देण्याचे काम मंडनमिश्रांच्या पत्नीकडे, उभयभारतीकडे होते. तिने दोघांच्याही गळ्यांत फुलांच्या माळा घातल्या आणि सांगितले, की ज्याची माळ आधी कोमेजेल तो हरला असे समजावे. कथा सांगते, की माळ कोमेजली ती मंडनमिश्रांची, म्हणजे तिच्या स्वतःच्या पतीची. आणि तिने तसा निर्णयही दिला. या माळेचा अर्थ जाणती माणसे असा लावतात, की जो रागावतो त्याचे अंग तापते आणि त्याच्या गळ्यातली फुले आधी सुकतात. आख्यायिकेत इतिहास किती हे बाजूला ठेवू. तिच्यातले शहाणपण मात्र खरे आहे. मुद्दा संपला की राग सुरू होतो, हे आपण रोज पाहतोच.

आता शाळेकडे येऊ. आपल्याकडे वादविवादाच्या स्पर्धा होतात. त्या मी पुष्कळ पाहिल्या. 'विज्ञान : शाप की वरदान' हा विषय तर इतक्या वेळा ऐकला, की पहिल्या वाक्यावरून पुढची दहा मला सांगता यावीत. "अध्यक्ष महाराज, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" अशी खणखणीत सुरुवात होते. ठरल्या ठिकाणी उजवा हात वर जातो, ठरल्या ठिकाणी मूठ टेबलावर आपटते आणि घंटा वाजण्याच्या आत भाषण संपते. भाषण बहुधा कोणी तरी लिहून दिलेले असते. यातून सभाधीटपणा येतो, उच्चार सुधारतात, पाठांतर वाढते. आणि हे लाभ थोडे नाहीत. पण एक गोष्ट तेथे घडत नाही. आधीचा वक्ता काय बोलला हे पुढच्या वक्त्याने ऐकलेलेच नसते. तो खुर्चीत बसून आपलेच भाषण मनात घोकीत असतो. वाद म्हणावा, तर दोघांची गाठच पडलेली नसते!

म्हणून माझ्या वर्गात मी चार नियम केले होते. पहिला नियम असा, की कोणती बाजू कोणी मांडायची हे चिठ्ठीने ठरेल, आवडीने नव्हे. दुसरा नियम, बोलायला उठणाऱ्याने आधीच्या वक्त्याचे म्हणणे प्रथम आपल्या शब्दांत सांगावे, आणि त्या वक्त्याने "होय, मी हेच म्हणालो" असे कबूल केल्यावरच स्वतःचे उत्तर सुरू करावे. तिसरा नियम, 'मी पाहिले', 'मी वाचले', 'मी ऐकले' आणि 'मला वाटते' या चार गोष्टी वेगवेगळ्या आहेत, हे ध्यानात ठेवून बोलावे. आणि चौथा नियम, शेवटी ढाल नाही, पेला नाही, हारजीत नाही. प्रत्येकाने एका कागदावर विरुद्ध बाजूचा आपल्याला सर्वांत वजनदार वाटलेला मुद्दा लिहून द्यायचा.

यांतला दुसरा नियम दिसतो सोपा, पण तोच सर्वांत कठीण. 'शाळेत गणवेश असावा की नसावा' असा एक साधा विषय होता. एक मुलगा म्हणाला, "गणवेशाला पैसे पडतात; ज्यांच्या घरी तीन भावंडे शाळेत आहेत त्यांना ते जड जातात." पुढचा मुलगा उठला आणि म्हणाला, "यांचे म्हणणे असे, की मुलांनी वाटेल तसे कपडे घालून शाळेत यावे." पहिला तत्काळ ओरडला, "मी असे म्हणालोच नाही!" वर्ग हसला. दुसऱ्याने पुन्हा प्रयत्न केला, "यांचे म्हणणे असे, की यांना गणवेश आवडत नाही." पुन्हा नकार. तिसऱ्या खेपेला तो थांबला, खाली पाहून जरा विचार केला आणि म्हणाला, "यांचे म्हणणे असे, की गणवेश वाईट नाही, पण तो सगळ्यांना परवडत नाही." पहिला म्हणाला, "होय, हेच." गंमत अशी, की इतके कष्ट करून समोरच्याचे म्हणणे पकडल्यावर त्या मुलाचे स्वतःचे उत्तरही बदलले. शिस्त आणि एकोपा यांवरचे ठरलेले भाषण सोडून तो म्हणाला, "मग मोठ्या मुलांचे आखूड झालेले गणवेश शाळेने जमवून ठेवावेत, म्हणजे ते लहानांना देता येतील." मत खोडण्याऐवजी तो अडचण सोडवू लागला होता.

चिठ्ठीच्या नियमाला मात्र आमच्याच शाळेतल्या एका शिक्षकांचा विरोध होता, आणि तो विचार करण्यासारखा होता. ते म्हणत, "जे मत मुलाला पटत नाही, ते त्याच्याकडून बोलवून घेणे म्हणजे त्याला खोटे बोलायला शिकविणेच नव्हे काय? उद्या तो कोणतीही बाजू सारख्याच सफाईने मांडील आणि त्याची स्वतःची बाजू अशी काही उरणारच नाही." हा आक्षेप हलका नाही. बोलण्यात चतुर आणि मनात पोकळ अशी माणसे जगात असतात, आणि शाळेने त्यांत भर घालू नये. पण खोटे बोलणे म्हणजे दुसऱ्याला फसविण्यासाठी बोलणे. येथे तर कोणाचीच फसवणूक नसते. बाजू चिठ्ठीने मिळाली आहे हे साऱ्या वर्गाला ठाऊक असते. दुसऱ्याचा सदरा घालून पाहिला म्हणजे तो आपला होत नाही. तो कोठे काचतो एवढे मात्र कळते. तथापि त्या शिक्षकांच्या म्हणण्यातले सत्य घेऊन आम्ही एक गोष्ट वाढविली. वाद संपल्यावर ज्याला हवे त्याने आपले खरे मत उभे राहून सांगावे, आणि ते का हेही सांगावे. विरोध करणाऱ्याकडून अशी एखादी चांगली सूचना मिळते, हाही वादाचा एक लाभच होय.

या नियमांचा खरा कस लागला तो बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील एका शाळेत. बीड जिल्ह्याच्या या भागात पाऊस बेताचा, जमीन हलकी. ज्वारी-बाजरी निघाली की शेतात काम उरत नाही. म्हणून दसरा झाला, की गावेच्या गावे ऊसतोडीला निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी सोलापूरकडे, कोणी कर्नाटकात. नवराबायकोच्या जोडीला तेथे 'कोयता' असे म्हणतात. मुकादमाकडून त्यांनी आगाऊ पैसे घेतलेले असतात, त्याला म्हणतात 'उचल'. ती उचल फिटेपर्यंत हंगामभर ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाड्या भरून द्यायच्या आणि फडाजवळच्या कोपीत राहायचे. आईवडिलांबरोबर मुलेही जातात. दिवाळीनंतर वर्गात निम्मे बाक रिकामे दिसतात, आणि ती मुले परत येतात तेव्हा उन्हाळा तोंडावर आलेला असतो.

अशा मुलांना गावातच ठेवून घेता यावे म्हणून हंगामापुरती वसतिगृहे चालविण्याची सरकारी योजना आहे. आमच्या गावात ती सुरू व्हायची होती. पण मुलांना मागे ठेवावे की नाही, याविषयी गावात दोन तट पडले होते. सातवीच्या मुलांनीच हा विषय मागितला. दसऱ्याच्या आदल्या शनिवारी मी फळ्यावर लिहिले : 'आईवडील ऊसतोडीला गेले, तरी मुलांनी गावातच राहून शिकावे.' चिठ्ठ्या निघाल्या. वर्गात एक हुशार मुलगा होता. त्याच्या वडिलांची विहिरीवरची बागायत होती; त्यांच्या घरचे कोणी कधी तोडीला गेलेले नव्हते. त्याला वाटे, की जे आईबाप मुलांना बरोबर नेतात त्यांना शिक्षणाची किंमतच नाही. नेमकी त्याला चिठ्ठी आली प्रतिकूल बाजूची. म्हणजे मुलांनी आईवडिलांबरोबर जावे, असे त्याला मांडायचे होते. मागच्या बाकावर एक मुलगी बसे. ती पहिलीपासून दर वर्षी फडावर जात आलेली. तिला आली अनुकूल बाजू. मुलांनी गावातच राहावे, असे तिला बोलायचे होते. ती तास संपल्यावर माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, मला चिठ्ठी बदलून द्या. मी घरच्यांच्या विरुद्ध कशी बोलू?" मी म्हटले, "बाळ, विरुद्ध बोलू नकोस. राहायला मिळाले तर काय होईल, एवढेच सांग."

त्या मुलापाशी तर बोलायला काहीच नव्हते. पाठ करावे असे भाषण या विषयावर कोणत्या पुस्तकात सापडणार? अखेर तो त्या मुलीकडेच विचारायला गेला. आठ दिवस तो मधल्या सुट्टीत तिला आणि तिच्यासारख्या इतर मुलांना प्रश्न विचारीत होता, आणि वहीत टिपून घेत होता.

शनिवारी तो बोलायला उठला. त्याने हात वर केला नाही, की मूठ आपटली नाही. तो म्हणाला, "आईवडील पहाटे अंधारात फडावर जातात. गाडी रात्री आली तर रात्री उठून ती भरून द्यावी लागते. कोपीला दार नसते. घरात दीड वर्षांचे भावंड असेल तर त्याला कोणाजवळ ठेवायचे? मोठी बहीण बरोबर नसेल, तर ते उसाच्या सरीत निजवावे लागते. गावात राहायचे म्हटले, तर घरी आजी असते. तिला दिसत नाही. बारा वर्षांच्या मुलीला अशा घरी ठेवून दोनशे कोसांवर आईला झोप येईल का? मला वाटत होते, की यांना शाळा नको असते. तसे नाही. यांना दोन गोष्टींतली एक निवडावी लागते, आणि दोन्ही अवघड असतात." एवढे बोलून तो मागच्या बाकाकडे वळला आणि नियमाप्रमाणे विचारले, "मी बरोबर सांगितले का?" ती मुलगी काही बोलली नाही, तिने फक्त मान हलविली.

मग ती उठली. तिने त्याचे सगळे म्हणणे पुन्हा थोडक्यात सांगितले. तिला ते अवघड नव्हतेच. ते तिचेच होते. नंतर तिने दप्तरातून आपली तीन वर्षांची गणिताची पुस्तके काढली आणि टेबलावर उघडून ठेवली. म्हणाली, "याची पहिली निम्मी पाने मळलेली आहेत. पुढची कोरी आहेत. याचीही तशीच. आणि याचीही. दर वर्षी मी परत येते, तेव्हा वर्ग खूप पुढे गेलेला असतो. मला दर वर्षी अर्धेच गणित येते. माझी आईही अशीच तिसरीतून सुटली. ती आता कोयता धरते. मी इथे राहिले, तर पुढची पाने वाचीन." आणि ती खाली बसली.

वर्गात कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत. थोड्या वेळाने एक मुलगा म्हणाला, "मग विषयच चुकला आहे. जावे की राहावे हा प्रश्न नाही. राहायचे तर लहान भावंडांचे काय, आजीचे काय, आणि मुलींच्या सोबतीला कोण, हा प्रश्न आहे." मुलांनो, तीन आठवडे गावाच्या पारावर मोठी माणसे ज्या प्रश्नाभोवती फिरत होती, त्याचे खरे रूप सातवीच्या वर्गाला पाऊण तासात सापडले. कारण पारावर प्रत्येक जण आपलीच बाजू मांडीत होता, आणि वर्गात प्रत्येकाला दुसऱ्याची मांडावी लागली होती.

मुलांनी आपले मुद्दे एका कागदावर लिहिले आणि ते शाळेच्या व्यवस्थापन समितीपुढे वाचून दाखविले. मुलींची राहण्याची सोय वेगळी असावी, तेथे गावातलीच एखादी ओळखीची बाई असावी आणि घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनाही मुलांबरोबर दोन घास मिळावेत, असे त्यात होते. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी झाल्या, तिसरी होऊ शकली नाही. काही आईबापांनी मुले मागे ठेवली, काहींनी नेली. ती मुलगी त्या वर्षी गेली. तिचे भावंड लहान होते आणि उचल आधीच घेतलेली होती. वादाने जगातल्या साऱ्या अडचणी सुटतात, असे मी तुम्हांला सांगणार नाही. ते खरे नाही. पण त्या वर्गाने एक गोष्ट ठरविली. जाणाऱ्या प्रत्येकासाठी मागे राहणाऱ्या एकाने रोजचे गणित वेगळ्या वहीत उतरून ठेवायचे. त्या मुलीची वही त्या बागायतदाराच्या मुलाने लिहिली. ती परत आली, तेव्हा ती वही तिच्या बाकावर होती. पुढच्या वर्षी ती गावातच राहिली, आणि आठवीच्या तिच्या पुस्तकाची पाने शेवटपर्यंत मळली.

तुम्ही म्हणाल, वर्गात हे ठीक आहे. मोठ्यांच्या जगात कोण कोणाचे ऐकून घेतो? तर एका मोठ्या सभेची गोष्ट सांगतो. आपल्या देशाची राज्यघटना तयार करण्यासाठी संविधान सभा भरली, ती पहिल्यांदा ९ डिसेंबर १९४६ या दिवशी. घटना स्वीकारली गेली २६ नोव्हेंबर १९४९ या दिवशी. मध्ये २ वर्षे, ११ महिने आणि १७ दिवस गेले. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. मसुद्यात बदल सुचविणाऱ्या सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सभासदांनी दिल्या. त्यांतल्या २,४७३ सभेपुढे प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. एकेक कलम, एकेक शब्द घेऊन चर्चा होत असे, आणि बाबासाहेब उठून उत्तरे देत असत.

२५ नोव्हेंबर १९४९ या दिवशी त्यांनी समारोपाचे भाषण केले. त्या भाषणात त्यांनी सहकाऱ्यांचे आभार मानले, यात नवल नाही. विशेष हे, की ज्यांनी वारंवार विरोध केला त्यांचेही त्यांनी नावे घेऊन आभार मानले. हरि विष्णू कामत, आपल्या विदर्भातले डॉ. पंजाबराव देशमुख, पंडित हृदयनाथ कुंझरू, प्रा. के. टी. शहा अशी ती नावे होती. सगळेच सभासद पक्षाची शिस्त पाळून माना डोलावीत बसले असते, तर कामकाज नीरस झाले असते, असे त्यांनी सांगितले. या मंडळींच्या सूचना आपण मान्य करू शकलो नाही, तरी त्यामुळे त्यांच्या कामाचे मोल कमी होत नाही. त्यांनी प्रश्न विचारले म्हणूनच घटनेमागची तत्त्वे उलगडून सांगण्याची संधी आपल्याला मिळाली, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ज्याने प्रश्न विचारला त्याच्यामुळेच आपले उत्तर आपल्याला नीट सापडले, ही जाणीव फार थोड्यांना असते. ज्यांच्या हातून देशाची घटना आकाराला आली, त्यांना ती होती.

मात्र एक सांगितले पाहिजे. प्रत्येक गोष्ट वादाला घालण्याजोगी नसते. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कोणते, यावर दोन मुले तावातावाने बोलू लागली, तर त्यांना मी भूगोलाचे पुस्तक हातात देत असे. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे. ती मतांनी वाढत नाही की कमी होत नाही. जे मोजून, पाहून किंवा वाचून कळते, ते आधी पाहून यावे आणि मग बोलावे. त्याचप्रमाणे सर्व माणसे माणूस म्हणून समान आहेत की नाहीत, असा विषय मी कधी ठेवला नाही. कारण ज्या वर्गात एखाद्या मुलाला आपण इतरांच्या बरोबरीचे आहोत हे सिद्ध करून दाखवावे लागते, तो वर्गच नव्हे. आणि कोणाची जात, गरिबी, रूप किंवा बोली हा कधीही मुद्दा होऊ शकत नाही. मुद्दा खोडावा, माणूस खोडू नये.

या मर्यादा पाळून जे उरते, ते क्षेत्रही फार मोठे आहे. घरात पाणी कोणी भरावे, मैदानावर आधी कोणी खेळावे, सहलीला कोठे जावे, अभ्यास एकट्याने करावा की मिळून, असे कितीतरी प्रश्न तुमच्यापुढे रोज येतात. त्या प्रत्येकाला दोन बाजू असतात, आणि पुष्कळदा तिसरीही असते. ती तिसरी बाजू एकट्याला सहसा दिसत नाही. दोघांनी एकमेकांच्या जागेवर उभे राहून पाहिले, तर दिसते. असे पाहिल्यावर आपले मत बदलेलच, असे नाही. कधी ते बदलते, कधी अधिक पक्के होते. पण पक्के झालेले मतही आता आंधळे राहत नाही. ते कशाच्या समोर उभे आहे, हे त्याला ठाऊक असते.

तेव्हा यापुढे कोणाशी तुमचे पटेनासे झाले, तर उत्तर ओठांवर आले असतानाही क्षणभर थांबा. त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत त्याला सांगून पाहा आणि विचारा, "तुझे म्हणणे असेच आहे ना?" तो "नाही" म्हणाला, तर पुन्हा ऐका. तो "होय, हेच" म्हणाला, की मग खुशाल वाद घाला.